गाडीचं कव्हर घेण्याआधी गाडी उभी कुठं राहते ते बघा

लातूरहून एका भाऊंचा प्रश्न आलाय. दिवाळीला नवी गाडी घेतली, रंग गडद निळा. घरापुढं उघड्यावर उभी असते, एका बाजूनं कडुलिंबाची सावली. नोकरी जवळच, त्यामुळं गाडी आठवड्यातून एकदा-दोनदाच निघते. दुकानात आठशेपासून पाच हजारांपर्यंतची कव्हरं दाखवली आणि प्रत्येक जण म्हणाला, 'शंभर टक्के वॉटरप्रूफ'. शेजारी मात्र सांगतो की कव्हर घातलं की कलर खराब होतोच. मग घ्यावं का, आणि घ्यायचं तर कोणतं?

शेजाऱ्याचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. छत्रपती संभाजीनगरात माझं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे, बावीस वर्षं झाली. उन्हानं उडालेला कलर पाहिला, पाखरांच्या विष्ठेनं खाल्लेला पाहिला, आणि कव्हरनं घासून पांढुरका पडलेला तर दर उन्हाळ्यात बघतो. उन्हाला कलर खराब करायला वर्षं लागतात. चुकीचं कव्हर एका वावधानात काम उरकतं.

मागं परभणीकडची एक काळी गाडी आली होती. मालक वैतागलेले. 'दोन महिने गाडी जागची हलली नाही, कव्हरखाली झाकून होती, तरी हे असं कसं?' शेडमध्ये ट्यूबलाईटखाली गाडी बरी दिसत होती. बाहेर उन्हात ढकलत आणली आणि दोघंही गप्प झालो. बॉनेटच्या दोन्ही कडा, छताचे कोपरे, डिकीची धार, जिथं जिथं बॉडीला वळण आहे तिथं दुधाळ पट्टे. जवळून बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. डाव्या आरशाच्या टोकाला तर लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, पार गेलेलं, कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) लावलं तर फडक्याला काळा रंग येऊ लागला. मी कव्हर मागितलं. डिकीतच होतं. आतली बाजू तळहातानं पुसली, हात मातकट झाला. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं तर कचकच.

कव्हरच्या कापडाचा दोष फार नव्हता. गाडी गावाकडून आली, अंगावर फुफाटा तसाच होता, त्यावर कव्हर ओढलं आणि दोन महिने वारा ते हलवत राहिला. म्हणजे पॉलिश पेपर लावून दोन महिने घासत बसल्यासारखंच झालं.

आता थोडं कलरबद्दल, कारण ते कळलं की कापडाची निवड आपोआप सोपी होते. कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत प्रायमर, रंग, लॅकर असे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन असतात, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातलं सगळ्यात वरचं पारदर्शक लॅकर, म्हणजे क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉन. डोक्याचा केस यापेक्षा जाड असतो. ऊन अडवणं, चमक देणं, खालचा रंग जपणं ही सगळी कामं ह्या एवढ्याशा थराची. रेघा काढायला आम्ही रबिंग करतो म्हणजे हाच थर दोन-चार मायक्रॉन खरवडून सपाट करतो. दर दिवाळीला 'जरा मशीन मारून चकाचक करा' म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच परत पाठवतो. लॅकर परत उगवत नाही.

आणि आपली धूळ कसली? रस्त्याचा मुरूम, खडी क्रशरची भुकटी, शेतातली काळी माती, आणि त्यात मिसळलेले गारगोटीचे कण. कठीणपणा मोजायच्या मोह मापावर गारगोटी ७, काच साधारण साडेपाच. लॅकर काचेच्या आसपासही येत नाही. त्यामुळं 'आमचं कव्हर मखमलीसारखं मऊ आहे' हे दुकानदाराचं बोलणं खरं असलं तरी अर्धंच आहे. मऊ कापड आणि लॅकर यांच्यामध्ये गारगोटी बसली की मऊपणाला काही अर्थ उरत नाही.

म्हणून कोणतं कव्हर घ्यावं, याच्या आधी दोन गोष्टी विचारतो. गाडी झाकताना स्वच्छ असते का? आणि ती किती दिवस न हलता उभी राहते?

रोज ऑफिसला जाणारी, संध्याकाळी धुळीनं माखून येणारी आणि सकाळी सहाला पुन्हा निघणारी गाडी असेल तर फुल कव्हर घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो. रोज धुणं आपल्याकडं होत नाही. लातूरकरांना पाण्याचं मी काय सांगावं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं शहर आहे ते. न धुता रोज कव्हर ओढायचं आणि काढायचं म्हणजे वर्षाला सात-आठशे वेळा गाडीवर धूळ फिरवायची. अशा गाडीला काचेवर सनशेड, दोन-तीन महिन्यांनी हातानं वॅक्स आणि जमलं तर डोक्यावर पत्रा. पत्र्याला किंवा हिरव्या शेडनेटला लोक खर्च म्हणून नाक मुरडतात, पण सावली ही एकच वस्तू अशी आहे की जी कलरला हात न लावता कलर वाचवते. शेडनेटमधून पाखरांची घाण गळते आणि पावसाचं पाणी तर येतंच, तेवढं लक्षात ठेवा.

तुमची गोष्ट वेगळी आहे. गाडी तीन-चार दिवस सलग उभी, वर कडुलिंब. तुम्हाला कव्हरचा उपयोग आहे. वैशाख-ज्येष्ठात निंबोळ्या पिकल्या की पाखरं दिवसभर झाडावर आणि प्रसाद खाली. पाखरांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. सावलीत ती पडली तर दिवसभरात पुसून निघते. पण आपल्या मे महिन्यात, बाहेर ४२-४३ अंश असताना गडद रंगाचं बॉनेट हात टेकू देत नाही. तापलेलं लॅकर मऊ पडतं, फुगतं, रात्री गार होऊन आवळतं आणि सुकलेली घाण त्यात रुतते. मग पुसल्यावरही खाली खळगी राहते. गडद निळ्यावर ती लांबून दिसते. नखानं खरवडायची तर मुळीच नाही. ओला फडका दहा मिनिटं ठेवायचा आणि उचलून घ्यायचा.

आता कापड. दुकानात नावं पन्नास असतील, माल चार-पाच जातींचाच असतो.

सगळ्यात स्वस्त ते चकचकीत प्लॅस्टिकचं, पीव्हीसीचं. पाणी आत येत नाही हे खरं, पण आतली वाफही बाहेर जात नाही. पावसाळ्यात जमिनीतली ओल वर चढते, दुपारी ऊन पडलं की कव्हरखाली इडलीचं भांडं होतं. कलरखाली जिथं आधीच कुठं खडा लागून चीर गेलेली असते तिथं पाणी शिरतं आणि फोड येतात. शिवाय प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते उन्हात बाहेर येतं आणि लॅकरवर डाग पाडतं. हे कव्हर मोटारसायकलला घाला, ट्रॅक्टरच्या सीटला घाला, गाडीला नको.

त्यानंतर नॉन-वोव्हन. कापड दुकानात साड्या घालून देतात ती बारीक ठशांची पिशवी आठवा, तेच. पॉलिप्रॉपिलीन. वजनाला हलकं, हवा खेळते, घरातल्या पार्किंगला चांगलं. पण हे प्लॅस्टिक उन्हाला फार कच्चं आहे. त्यात ऊन सोसणारं रसायन नीट घातलेलं नसेल तर आपल्याकडं एका उन्हाळ्यात ते पापडासारखं तुटायला लागतं आणि भुगा गाडीवर. तुमच्या उघड्या जागेला नाही.

चंदेरी पॉलिस्टर सर्वांत जास्त खपतं आणि सर्वांत जास्त फसवणूकही त्यातच. कापडावर १९०टी असं लिहिलेलं असतं. म्हणजे एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून १९० धागे. ते टॅफेटा, छत्रीसारखं पातळ. ऑक्सफर्ड विणीचं २१० डिनिअर असं असेल तर धागा जाड आणि कापड दमदार. डिनिअर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, त्यामुळं हा आकडा धाग्याची जाडी सांगतो, मऊपणा नाही. पॉलिस्टर उन्हात पॉलिप्रॉपिलीनपेक्षा पुष्कळ टिकतं. अडचण असते त्यावरच्या चंदेरी थराची. तो ॲल्युमिनियमच्या भुकटीचा असतो. हलका माल असला की वर्ष-दीड वर्षात तो झडतो आणि राखाडी भुकटी गाडीच्या अंगावर. काही कव्हरांत हा थर आतल्या बाजूनं असतो, हे तर मला आजवर समजलेलं नाही. कलरला चिकटायचीच सोय केल्यासारखं.

आणि चौथं, बाहेरून पॉलिस्टर, आतून फ्लीसचं किंवा सुती अस्तर. पाच हजारांच्या आसपासचं तुम्हाला दाखवलं ते बहुतेक हेच असणार. उघड्यावरच्या गाडीला मी याच्याच बाजूचा आहे, पण अस्तर सुती नको. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि दोन दिवस ओलं राहतं. पातळ, दाट विणीचं सिंथेटिक अस्तर बघा. फार लोकरट अस्तराचाही आपल्याकडं एक त्रास आहे जो पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळणार नाही: कुसळं. कव्हर अंगणात टाकलं की गवताची कुसळं आणि गोखरू अस्तरात अशी घुसतात की वेचता वेचत नाहीत. एका शिक्षकांच्या गाडीच्या छतावर एकसारखी सरळ रेघ होती, हातभर लांब. कव्हर उलटं केलं तर बरोबर त्या जागी गोखरू.

दुकानात जाताना एक पांढरा रुमाल न्या. तो ओला करून चंदेरी बाजूवर जोर लावून वीस वेळा घासा. राखाडी झाला तर कव्हर परत द्या, कितीही भाव कमी करोत. मग चहा मागवा, नाहीतरी मराठवाड्यात दुकानदार चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. वाफाळत्या ग्लासावर कव्हरचा एक पदर धरा आणि त्यावर स्टीलची ताटली पालथी ठेवा. मिनिटभरात ताटलीच्या आत दव धरलं तर कापडातून वाफ जाते. कोरडी राहिली तर तुमची गाडी त्यात घामेजणार. दुकानदार हसेल, हसू द्या. 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' आणि 'हवा खेळती' ह्या दोन्ही गोष्टी त्या किमतीत एकत्र मिळत नाहीत. आणि पावसाचं साधं पाणी कलरला काही करत नाही, गाडी पावसातच चालते. पाणी बरंचसं ओघळून जाईल आणि वाफ निघून जाईल, एवढं कापड पुरे.

अस्तराची परीक्षा हाताच्या पाठीनं घ्या, तळहात आपल्या कामानं राठ झालेला असतो. शिवण मात्र जरूर बघा. आतल्या बाजूला शिवणीची जाड कड, नायलॉनचा टोकदार दोरा, लेबल, आरशाच्या खिशाचा टाका, हे सगळं लॅकरवर टेकतं. छताच्या मधोमध शिवण येत असेल तर ते कव्हर टाळा.

पण मी म्हणतो, कापडापेक्षा माप मोठं. आठशेचं नीट बसलेलं कव्हर पाच हजारांच्या ढगळ्यापेक्षा कमी नुकसान करेल. 'हॅचबॅक लार्ज' असलं गोळाबेरीज माप घेऊ नका. तुमच्या मॉडेलचं, तुमच्या सालचं, आरशांना खिसे असलेलं, छतावर अँटेना असेल तर तिची जागा सोडलेलं मागा. खाली पुढं-मागं भक्कम इलॅस्टिक हवं, आणि पोटाखालून जाणारा बकलचा पट्टा तर हवाच. पट्टा नसेल तर टेलरकडून दोन लावून घ्या, सतरंजीचे पट्टे लावणारा कोणीही लावून देईल. वळवाच्या आधी जे वारं सुटतं त्यात सैल कव्हर शिडासारखं भरतं, आपटतं, परत भरतं. परभणीच्या गाडीच्या कडा अशाच गेल्या होत्या. बकल मात्र प्लॅस्टिकचं घ्या आणि सिलपट्टीच्या, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या, खाली येईल असं. लोखंडी हूक दाराला आपटला की दुसरं काम माझ्याकडं.

घालायची रीत. गाडी आल्या आल्या झाकू नका, इंजिन आणि सायलेन्सर तासभर गार होऊ द्या, सायलेन्सरला टेकलेलं पॉलिस्टर वितळून चिकटतं. धूळ असेल तर आधी पाणी. एक बादली पुरते, पण मगानं वरून ओतत धूळ वाहून न्यायची आणि मगच मायक्रोफायबर लावायचं. कोरड्या फडक्यानं झटकणं, आणि ते पिवळं पिसांचं झाडणं, हे दोन्ही कव्हरपेक्षा वाईट. पाणी नसेल त्या दिवशी कव्हर घालू नका. खरंच, एक दिवस धुळीत उघडी राहिलेली गाडी बिघडत नाही. बोअरच्या पाण्यानं धुतली तर उन्हात वाळू देऊ नका, क्षाराचे पांढरे ठिपके उमटतात आणि तापले की निघता निघत नाहीत.

कव्हर छतावर ठेवून पुढं आणि मागं उलगडायचं, एका टोकाकडून फरफटत ओढायचं नाही. काढताना दोन्ही बाजू छतावर दुमडायच्या, म्हणजे आतली बाजू आतच राहील, आणि मग पुढून मागं गुंडाळायचं. जमिनीला टेकवायचं नाही. पुढची बाजू कुठली ते खडूनं नाही, दोऱ्यानं खूण करून ठेवा, नाहीतर दर वेळी अंदाजानं फिरवत बसाल आणि फिरवताना घासाल. महिन्याला एकदा आतली बाजू उलटी करून दोरीवर झटका आणि नुसत्या पाण्यानं धुवा. वॉशिंग मशीन आणि कपड्यांची पावडर नको, थर सुटतो.

पावसाळ्यात एक शिस्त पाळा. रात्रभर भिजलेलं कव्हर सकाळी उतरवून गाडीला तासभर हवा द्या. झडी लागली तर चार दिवस उघडी ठेवली तरी चालेल. आणि गाडी कधी ठोकून एखादं दार किंवा बंपर रंगवून घेतलात तर त्यानंतर महिनाभर कव्हर घालू नका. आमचा गॅरेजचा कलर कंपनीच्या भट्टीतल्या कलरइतका भाजलेला नसतो, आतलं थिनर उडत असतं. त्यावर कापड दाबून ठेवलं तर कापडाची वीण कलरवर छापून येते. मी बिलावर हे लिहून देतो, तरी वर्षाला दोघं-तिघं येतातच.

रोजच्या गाडीला कव्हर नको म्हणालो, त्याला दोन अपवाद आहेत. जालन्यात स्टीलच्या कारखान्यांच्या अंगाला राहणाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके येतात. लोखंडाची भुकटी लॅकरवर बसते, रुतते आणि तिथंच गंजते. परळीत औष्णिक केंद्राच्या राखेचं तसंच. तिथं मी रोज झाका म्हणतो, पण रोज पाणी मारूनच. तुमच्या लातूरकडं ऊस गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्याच्या धुराड्याची काजळी उडते. तुमचं घर त्या वाऱ्याच्या तोंडावर असेल तर नोव्हेंबर ते मार्च तुम्हीही त्यातच धरा. काजळी हलकी असते, फुंकरीनं किंवा पाण्यानं जाते. पुसलीत तर फराटे.

गारपिटीचं कोणीतरी विचारेलच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना माहीतच आहे. कव्हर गार अडवत नाही. 'हेल प्रूफ' म्हणून जाड फोमची कव्हरं विकतात, लिंबाएवढ्या गारेपुढं मला त्यांचा भरवसा नाही. आभाळ भरून आलं तर घरातल्या दोन गाद्या बॉनेटवर आणि छतावर टाका आणि त्यावर कव्हर बांधा. बाकी विम्याचं काम आहे. फक्त थर्ड पार्टी असेल तर गारांचे पोचे तुमच्या खिशातून, स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तर गारपीट त्यात येते. पोचे आणि कलर दोन्हीचे फोटो गाडी हलवायच्या आधी काढा.

दिवाळीच्या चार रात्री कव्हर काढून ठेवा. सिंथेटिक कापडावर भुईनळ्याची ठिणगी पडली तर ते पेटतं आणि वितळून कलरवर बसतं.

आणि उंदरांचं बघा. झाकलेली गाडी म्हणजे त्यांना बांधून दिलेलं घर. आठवड्याला एकदा बॉनेट उघडून वायरिंगवर नजर टाका. वर मांजर झोपत असेल तर तिला हाकलावं की राहू द्यावं, हे मात्र मला आजवर ठरवता आलेलं नाही. नखांनी कव्हर फाटतं, पण उंदीर येत नाहीत.

तर भाऊ, तुम्ही तुमच्या मॉडेलच्या मापाचं, पॉलिस्टर ऑक्सफर्डचं, आत पातळ सिंथेटिक अस्तराचं, पोटाखाली दोन पट्ट्यांचं कव्हर घ्या. चंदेरीच हवं असेल तर रुमाल घासून, नाहीतर फिकट करड्या रंगाचं घ्या. गाडी लिंबाखालून दहा फूट बाजूला घेता आली तर तेही करा. पहिल्या पंधरा दिवसांनी सकाळच्या तिरप्या उन्हात कव्हर काढून आरशांची पाठ, बॉनेटच्या कडा आणि डिकीची धार बघा. तिथं धुरकट दिसायला लागलं तर पट्टा सैल आहे किंवा अस्तरात काहीतरी बसलंय. तेवढ्यावर थांबलात तर हातानं पॉलिश करून ते निघतं, मशीन लावायची गरज पडत नाही.